मातकट रंग, वाकडा तांब्या आणि "छान आहे" : कला शिक्षकाला नेमकं काय यायला हवं?

एटीडी (आर्ट टीचर डिप्लोमा) करून माध्यमिक शाळेत नुकत्याच रुजू झालेल्या एका शिक्षिकेचा प्रश्न आहे. सहावी ते नववीचे वर्ग, एका वर्गात ५५ ते ६० मुलं, आठवड्याला दोन तासिका. मुलांचे रंग मातकट होतात, वस्तुचित्रातला तांब्या वाकडा येतो, आणि एखादं चित्र दाखवून "काय वाटतं?" विचारलं की "छान आहे"च्या पुढे कोणी जात नाही. अशा वेळी शिक्षकाला स्वतःला काय काय यायला हवं, आणि चित्रकलेच्या ग्रेड परीक्षेला बसणारी मुलं वेगळी बसवावीत का, असं त्यांनी विचारलंय.

तुम्ही तीन तक्रारी लिहिल्यात, पण मला त्यांचं मूळ एकच दिसतं. तांब्या वाकडा आलाय हे मुलालाही दिसतं. तो वाकडा का आला हे त्याला कळत नाही, आणि तिथेच त्याला तुमची गरज असते. हे कारण सांगता येणं म्हणजेच माझ्या मते कला शिक्षकाचं ज्ञान. त्यासाठी रंग, पाणी, कागद कसे वागतात हे स्वतःच्या हाताला माहीत हवं. आणि ज्या मुलाने एखादी अडचण स्वतः झेलली आहे, त्यालाच दुसऱ्या चित्रकाराने ती कशी सोडवली हे बघण्यात गोडी वाटते. म्हणून चित्र काढण्याची तासिका वेगळी आणि चित्र समजण्याची वेगळी, असं करू नका.

वर्गात नळ आहे का, कागद ठेवायला कपाट आहे का, पालकांना रंगपेटी परवडते का, यावर बरंच अवलंबून आहे. पुढे जे लिहितोय ते साधारण शाळेत, बाकांवर बसून आणि ३५-४० मिनिटांत करता येईल असं आहे.

सुरुवात मातकट रंगापासून. याची कारणं वेगवेगळी असतात आणि प्रत्येकावरचा उपाय वेगळा असतो. पहिलं कारण रंगांच्या निवडीत. "लाल आणि निळा मिळून जांभळा" हे मुलांना पाठ असतं. मूल पेटीतला शेंदरी लाल घेतं, प्रशियन निळा घेतं, आणि जांभळ्याऐवजी चिखल तयार होतो. शेंदरी लाल पिवळ्याकडे झुकलेला असतो, प्रशियन निळा हिरव्याकडे, म्हणजे तोही पिवळ्याकडेच. मिश्रणात पिवळा नकळत शिरला की तिन्ही मूळ रंग एकत्र येतात आणि एकमेकांना मारतात. क्रिमसन आणि अल्ट्रामरीन घेतले की जांभळा स्वच्छ निघतो. हिरव्याचंही तसंच : लेमन यलो आणि प्रशियन निळा मिळून कोवळ्या भाताचा हिरवा मिळतो, गडद पिवळा आणि अल्ट्रामरीन मिळून जुन्या आंब्याच्या पानाचा. म्हणून सुरुवातीला बारा रंगांच्या पेटीतले सहाच वापरायला सांगा : दोन पिवळे, दोन लाल, दोन निळे. प्रत्येकातला एक उबदार, एक थंड. या सहांच्या जोड्या लावून एका पानावर चौकटी भरायच्या आणि प्रत्येकीखाली कोणते दोन रंग घेतले ते लिहायचं. हे पान वहीच्या मलपृष्ठावर वर्षभर चिकटवलेलं राहू द्या.

दुसरं कारण पाणी. एकाच डब्यात सगळे रंग धुतले की दहा मिनिटांत ते पाणी राखाडी होतं, आणि मग प्रत्येक रंगात ती राख मिसळत जाते. प्रत्येक बाकावर दोन डबे हवेत : एक ब्रश धुवायला, दुसरा रंगात घ्यायचं पाणी उचलायला. दह्याचे किंवा आइस्क्रीमचे रिकामे डबे चालतात. नळ नसेल तर वर्गात एक भरलेली आणि एक रिकामी बादली ठेवा, दोन मॉनिटर नेमा आणि तासिकेच्या मध्यावर पाणी बदलून घ्या. सोबत जुन्या सुती साडीचं किंवा धोतराचं फडकं हवंच. पुष्कळ मुलं ते आणत नाहीत आणि आपणही आग्रह धरत नाही, पण ब्रशमध्ये पाणी किती राहील हे ठरतं फडक्यावर. पॉलिस्टरचं कापड पाणी शोषत नाही, ते नको.

तिसरं कारण घाई. जलरंगाच्या थराच्या तीन अवस्था मुलांना शिकवा : ओला, म्हणजे तिरकं पाहिलं तर चकाकतो, दमट, म्हणजे चकाकी गेली पण बोटांच्या मागच्या बाजूने स्पर्श केला तर गार लागतो, आणि कोरडा. ओल्यात काम करा किंवा कोरड्यावर करा, दमट असताना हात लावू नका. दमट थरावर पाणी पडलं की फुलकोबीसारखे डाग उठतात, आणि पुन्हा ब्रश घासला की खालचा रंग सुटून वरच्यात मिसळतो. पावसाळ्यात कोकणात एक थर वाळायला अख्खी तासिका जाऊ शकते. मार्चमध्ये विदर्भात तोच थर ब्रश उचलेपर्यंत वाळतो. वर्षाचं नियोजन करताना हे धरा. पावसाळ्यात रेखाटन आणि पेस्टल, हिवाळ्यात जलरंग.

चौथं कारण कागद. कागदावर पाण्याचा एक थेंब ठेवून पाहा. तो थोडा वेळ मण्यासारखा उभा राहिला तर जलरंग चालेल. लगेच शोषला गेला तर त्या कागदावर सपाट थर येणारच नाही, मुलाने काहीही केलं तरी. तिथे पोस्टर रंग किंवा ऑइल पेस्टल द्या. खोडरबर जोरात घासलेल्या जागीही तंतू उठून रंग जास्त बसतो आणि गडद ठिपका दिसतो. म्हणून रंगवायच्या चित्राचं रेखाटन एचबीने, हलक्या हाताने.

आणि काळा रंग. सावली म्हटलं की मुलं काळा घेतात. केळ्याच्या सावलीत काळा घातला की केळं हिरवट दिसतं, कारण पिवळा आणि काळा मिळून शेवाळी रंग होतो. पिवळ्याच्या सावलीसाठी त्यात थोडा तपकिरी किंवा किंचित जांभळा घालायचा. पहिले दोन महिने काळी वडी कागदाच्या तुकड्याने झाकून ठेवायला सांगा.

सपाट थर देण्याची रीत तुमच्या हाताला पक्की हवी, कारण ती बोलून समजत नाही, दाखवावी लागते. कागद लावलेल्या फळीखाली वरच्या बाजूला दोन पुस्तकं ठेवून उतार करा. लागेल असं वाटतं त्याच्या दुप्पट रंग आधीच कालवून घ्या. मध्ये संपला तर दुसरा घाणा तसा जमत नाही. भरलेल्या ब्रशने वरून आडवा पट्टा ओढला की त्याच्या खालच्या कडेला रंगाचं पाणी साचतं. पुढचा पट्टा त्या साचलेल्या पाण्याला स्पर्श करत ओढायचा, आणि असं खालपर्यंत जायचं. शेवटी साचलेलं पाणी पिळलेल्या ब्रशने उचलायचं. मागे वळून दुरुस्ती करायची नाही. वाळल्यावर जलरंग फिका होतो, म्हणून हवा त्यापेक्षा थोडा गडद कालवा.

रंगपेटी परवडत नसेल तर चांगला रंग घरी बनतो, आणि तो बनवताना मुलांना रंग म्हणजे काय हे जेवढं कळतं तेवढं पेटी उघडून कळत नाही. गेरू कुटून भांडंभर पाण्यात ढवळा, अर्धा मिनिट थांबा, आणि वरचं रंगीत पाणी दुसऱ्या भांड्यात ओता. खडे आणि वाळू खाली राहतात. ते रंगीत पाणी रात्रभर ठेवलं की तळाशी जो गाळ बसतो तो तुमचा रंग. बाभळीचा डिंक एक भाग, पाणी दोन भाग, रात्रभर भिजवून गाळून घ्या आणि गाळात थोडा थोडा मिसळा. वाळल्यावर बोटाला रंग लागला तर डिंक कमी पडला. चकाकला आणि तडकला तर जास्त झाला. तडे जाऊ नयेत म्हणून दोन थेंब मध, बुरशी येऊ नये म्हणून लवंगेच्या तेलाचा एक थेंब. काजळीचा काळा, पिवळ्या मातीचा पिवळा असाच होतो. हळद मात्र उन्हात उडते, शिवाय चुना लागला तर लाल होते. तो बदल मुद्दाम करून दाखवा, पण भिंतीवर लावायच्या चित्रात हळद वापरू नका.

आता तांब्या. साठ मुलांपुढे टेबलावर एकच तांब्या ठेवला तर मागच्या बाकावरचं मूल वीस फुटांवरून बघतं, आणि मग पाहण्याऐवजी शेजारच्याचं चित्र उतरवतं. पाच-सहा गट करा, बाक जोडून मध्ये प्रत्येक गटाची आपली वस्तू. तांब्या, कळशी, खलबत्ता, कंदील, भोपळी मिरची, वांगी, जे घरून येईल ते.

तांब्याचं तोंड मुलं दोन कंस जोडून काढतात, म्हणून लंबवर्तुळाला दोन्ही बाजूंना टोकं येतात. तळ सरळ रेषेने काढतात, कारण तांब्या सपाट बाकावर उभा आहे हे त्यांना ठाऊक असतं. डोळ्याला दिसतं ते बाजूला राहतं आणि डोक्यात असलेलं कागदावर उतरतं. यावर समजावून सांगण्यापेक्षा दाखवणं बरं. एक बांगडी डोळ्यांच्या पातळीवर आडवी धरा : रेषा दिसते. हळूहळू खाली न्या : ती उघडत जाते. मग काचेच्या सरळ बाटलीवर तीन उंचींवर रबरबँड लावा. बाटली डोळ्यांखाली असेल तर सर्वांत खालचा रबरबँड सर्वांत जास्त गोल दिसतो. यावरून मुलांनाच निष्कर्ष काढू द्या की तळाचा वळसा तोंडापेक्षा जास्त गोलाकार हवा. मग रीत : मधोमध उभा अक्ष, त्याला काटकोनात लंबवर्तुळांचे लांब अक्ष, आणि तोंडाचं व तळाचं लंबवर्तुळ मागचा न दिसणारा भाग धरून पूर्ण काढायचं. पेन्सिल न थांबवता दोन-तीनदा फिरवली की टोकं आपोआप जातात. झाल्यावर कागद उलटा धरून पाहायचा; उलट्या चित्रात वाकडेपणा ताबडतोब दिसतो, कारण त्या वेळी डोळा "तांब्या" बघत नाही, नुसता आकार बघतो.

पेन्सिलीने माप घेताना दोन चुका ठरलेल्या. एक, कोपर वाकतं आणि माप बदलतं. हात पूर्ण ताठ आणि एक डोळा बंद. दुसरी जास्त नुकसान करते : पेन्सिलीवर जेवढी लांबी दिसली तेवढीच कागदावर काढायची, असं मुलांना वाटतं, आणि पानाच्या मध्यभागी सुपारीएवढा तांब्या उभा राहतो. पेन्सिल फक्त प्रमाण सांगते : उंची रुंदीच्या किती पट. आकार कागदाप्रमाणे ठरवायचा.

छायाप्रकाशासाठी वर्गातले दिवे बंद करा आणि एकाच बाजूच्या खिडक्या उघड्या ठेवा. चारी बाजूंनी उजेड असला की एका वस्तूच्या तीन सावल्या पडतात आणि मूल मनाने सावली रंगवायला लागतं. डोळे किलकिले करून तीनच छटा शोधायला सांगा : उजेड, मधली, गडद. पडछाया वस्तूच्या पायाशी सर्वांत गडद आणि तिची कड स्पष्ट. लांब जाताना फिकी आणि विरळ. मुलांचा पितळी तांब्या प्लास्टिकचा दिसतो, कारण ती तो सगळीकडे पिवळा रंगवतात. घासलेलं पितळ आजूबाजूचं प्रतिबिंब दाखवतं, म्हणून त्यात सर्वांत उजळ ठिपका सर्वांत गडद पट्ट्याला खेटून असतो आणि दोघांमधली कड तीक्ष्ण असते. मातीच्या माठावर तोच उजेड पसरट आणि मऊ असतो. माठ आणि तांब्या शेजारी ठेवून एक तासिका नुसती हा फरक बघण्यात घालवली तर ती वाया जात नाही.

एक विनंती आवर्जून करतो : मुलाच्या कागदावर आपली पेन्सिल चालवू नका. समासात, रद्दी कागदावर किंवा फळ्यावर दाखवा. आपण दुरुस्त केलेलं चित्र सुंदर दिसतं, पण त्या दिवसापासून मूल स्वतःच्या चित्राची जबाबदारी शिक्षकावर टाकतं. सातवीतलं मूल "मला येत नाही" म्हणतं तेव्हा त्याची नजर हाताच्या पुढे गेलेली असते. तिसरीत घराची भिंत पारदर्शक काढून आतली आई दाखवणारं मूल समाधानी असतं आणि त्याला तसंच असू द्यावं. अकरा-बारा वर्षांचं मूल मात्र आपलं चित्र खऱ्या वस्तूशी ताडून पाहतं. या वयात त्याला कौतुकाइतकीच ठोस युक्ती हवी असते, आणि ती वेळेवर मिळाली नाही तर पुष्कळ मुलं चित्र कायमचं सोडतात.

स्मरणचित्रात, म्हणजे आठवणीतून काढलेल्या चित्रात, दोन डोंगर, मधून सूर्य, नदी आणि झोपडी येतात ती तयार चिन्हं म्हणून. "आठवडी बाजार" विषय दिला की माणसं एकावर एक रचलेली दिसतात. इथे एक नियम खूप कामाला येतो : सपाट जमिनीवर तुमच्याच उंचीची माणसं उभी असतील तर ती जवळ असोत की लांब, सगळ्यांचे डोळे क्षितिजरेषेवर येतात. जवळच्यांचे पाय खाली जातात, लांबच्यांचे वर राहतात. बसून बघत असाल तर क्षितिज उभ्या माणसांच्या पोटाच्या आसपास येतं. मैदानावर पाच मुलं वेगवेगळ्या अंतरांवर उभी करून हे पाच मिनिटांत पटवता येतं. प्रमाणासाठी, मोठा माणूस साधारण सात ते साडेसात डोकी उंच, पाच-सहा वर्षांचं मूल साडेपाच ते सहा. चित्रात लहान मुलं बुटक्या म्हाताऱ्यांसारखी दिसतात ती डोकं लहान काढल्यामुळे.

आता "छान आहे". "काय वाटतं?" हा प्रश्न पहिला नसावा. आधी दोन मिनिटं गप्प बघणं, मग फक्त काय दिसतं ते सांगणं, मग चित्राचा एक भाग हाताने झाकून "हे नसतं तर काय बिघडलं असतं?" वाटण्याचं त्यानंतर. चित्र निवडायचं ते मुलांनी नुकत्याच सोसलेल्या अडचणीचं. छायाप्रकाश झाला की सावंतवाडीत जन्मलेले चित्रकार सा. ल. हळदणकर यांचं दिवा घेतलेल्या स्त्रीचं चित्र दाखवा. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे, आणि अनेक जण ते राजा रविवर्म्याचं समजतात. ते जलरंगातलं आहे हे सांगितलं की पांढरा कागद राखताना धडपडलेली मुलं पुढे सरकून बघतात. उजेड कुठून येतो? सर्वांत उजळ जागा कोणती, आणि तिच्या शेजारी काय आहे? ज्योतीसमोर धरलेल्या हाताची बोटं लालसर का? टॉर्चवर आपला हात धरून बघायला लावा.

त्यानंतरच्या आठवड्यात अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला बोधिसत्त्व पद्मपाणी. कोणीतरी विचारतंच की सावली कुठे आहे. पडछाया नाही. गोलाई आणली आहे ती कडेला गडद छटा देऊन आणि नाकाच्या दांड्यासारख्या उंच जागी उजळ छटा ठेवून. बाकीचं काम वळणदार रेषेचं. त्या चित्रकाराला दिवा कुठे ठेवलाय हे सांगायचंच नव्हतं. ही चित्रं ओल्या गिलाव्यावरची नाहीत हेही सांगा : तंतू आणि भुसा घातलेला मातीचा थर, त्यावर पांढरा पातळ थर, आणि तो वाळल्यावर चिकट द्रव्यात कालवलेले रंग. गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी, चुना, आणि लांबून आलेल्या लाजवर्द दगडाचा निळा. ज्यांनी स्वतः गेरूचा गाळ बसवलाय त्यांना ही यादी परकी वाटत नाही.

क्षितिजाचा नियम झाला की वारली. तारपा नाचाचं वर्तुळ वरून पाहिलेलं, पण नाचणारी माणसं बाजूने पाहिलेली, आणि क्षितिज नाही. एकाच चित्रात दोन नजरा. शाळांमध्ये वारलीची नुसती किनार काढून घेतात आणि माणसं ताठ खिळ्यांसारखी उभी राहतात. खरी गंमत दोन त्रिकोणांच्या टोकाला आहे : ती कंबर, आणि वरचा त्रिकोण तिथे तिरका झाला की माणूस वाकतो, ओझं उचलतो, नाचतो. लग्नाचा चौक, म्हणजे लग्नातलं चौकोनी चित्र, भिंतीवर घालतात तो तांदळाच्या पिठाने, सवाशिणींच्या हातून, आणि त्यात पालघट देवी असते, हे सांगितल्याशिवाय वारली शिकवू नये.

आपल्या परंपरेतली षडंगं, म्हणजे चित्रकलेची सहा अंगंही इथे उपयोगी पडतात : रूपभेद (आकारांमधले फरक), प्रमाण, भाव, लावण्ययोजन (सौंदर्य आणणं), सादृश्य (साम्य), वर्णिकाभंग (रंगांची योजना). यशोधर या पंडिताने कामसूत्रावर लिहिलेल्या टीकाग्रंथात ती आली आहेत. व्याख्या पाठ करून घेऊ नका, एका चित्रासमोर एकच अंग प्रश्न म्हणून विचारा. आणि चित्र शक्यतो ए-थ्री आकारात छापून आणा. मोबाइलचा पडदा आतून उजळलेला असतो, त्यामुळे छटांचा तोल बदलतो. मूळ चित्र केवढं आहे ते फळ्यावर खडूने चौकट आखून दाखवा.

शेवटी तुमचा उपप्रश्न, ग्रेड परीक्षेची मुलं वेगळी बसवावीत का. एलिमेंटरी या पहिल्या ग्रेड परीक्षेला वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र (नक्षीकाम) आणि भूमिती-अक्षरलेखन हे विषय असतात. पहिल्या दोन विषयांची तयारी वरच्या कामातच होते, त्यासाठी वेगळं बसवायची गरज नाही. संकल्पचित्र आणि भूमितीला सराव लागतो. त्यासाठी परीक्षेआधी शाळा सुटल्यावर आठवड्यातून एक तास पुरतो. अक्षरलेखन मात्र सगळ्या वर्गाला द्या, आणि देवनागरीसाठी बोरू घेत असाल तर त्याचा काप रोमन अक्षरांच्या टाकाच्या उलट दिशेने तिरका आहे ना, ते वाटण्याआधी एकेक तपासून घ्या.